पासवर्डला हात लावू नकोस

अगं, आधी तो पासवर्ड बदलायचा नाद सोड. सर्व्हरला नवी एसएसडी बसवलीस, बॅकअप उतरवलास, मशीन सुरूही झालं, आणि आता बरोबर पासवर्ड टाकला तरी ‘लॉगिन इनकरेक्ट’. अशा वेळी संशय पासवर्डवरच येतो. पण काल चालणारा पासवर्ड डिस्क बदलली म्हणून चुकीचा कसा होईल? फायली आल्यात सगळ्या. त्यांच्यासोबत यायची माहिती वाटेत गळली असणार.

तुझं मशीन रॉकी लिनक्सचं, म्हणजे रेड हॅटच्या घराण्यातलं. तिथे एसई-लिनक्स चालू असतं आणि त्याच्या हिशेबात प्रत्येक फाइलला लेबल लागतं. पासवर्डचे हॅश ठेवणाऱ्या शॅडो फाइलचं लेबल वेगळंच, ‘शॅडो_टी’. तू मशीनवरच साध्या टारने बॅकअप घेतलास आणि लाइव्ह यूएसबीवरून उतरवलास. लेबलं जपायला टारला वेगळं सांगावं लागतं, ते राहिलं. आता लेबल नाही म्हटल्यावर लॉगिनच्या प्रोग्रॅमला ती फाइल उघडताच येत नाही. मग रूट असो की शिपाई, सगळ्यांना एकच उत्तर.

आणि गंमत ऐक. रेस्क्यू मोडमध्ये जाऊन पासवर्ड बदललास, तर शॅडो फाइल नव्याने लिहिली जाते, आणि तिथे एसई-लिनक्सची पॉलिसी चढलेली नसल्यामुळे ही नवी फाइलही लेबलाविनाच राहते. म्हणजे लेबलं धड असलेल्या मशीनवरही हा उपाय केला तरी लॉगिन बंद पडतं! इंटरनेटवरचे अर्धवट सल्ले इथेच माणसाला बुडवतात.

खात्री करून घ्यायला फार खटपट नाही. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाब, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘एन्फोर्सिंग=0’ जोड आणि बूट कर. याने नियम फक्त त्या बूटपुरते सैल होतात. आता आत जाता आलं, तर चोर सापडला. लगेच रूट म्हणून ‘फिक्सफाइल्स -एफ ऑनबूट’ चालव आणि पुन्हा बूट कर, त्या वेळीही ‘एन्फोर्सिंग=0’ ठेवूनच. फायली जास्त असतील तर लेबलं लावायला बराच वेळ जातो. स्क्रीन अडकल्यासारखी दिसली म्हणून घाबरून पॉवरचं बटण दाबू नकोस. आणि एसई-लिनक्स कायमचं बंद करून मोकळी होऊ नकोस, तो आळशी लोकांचा उपाय.

लेबलं लागूनही कन्सोलवर लॉगिन होतंय पण एसएसएचने होत नाही, असं झालं तर ‘/व्हार/लॉग/सिक्युअर’ वाच. तिथे ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ दिसलं, तर मालकी बिघडलीय. टार फायली उतरवताना आधी मालकाचं नाव बघतं, क्रमांक नंतर. तुझी यूएसबी डेबियनची. तिथे ‘मेल’ गटाचा क्रमांक 8, रॉकीत 12. त्यामुळे मेलच्या फायली रॉकीत 8 क्रमांकाच्या ‘मेम’ गटाकडे गेल्या असतील. शेत तेच, बांध तेच, सातबाऱ्यावर नाव मात्र भलत्याचं. एखाद्या युजरचं नाव यूएसबीवरही असलं, तर त्याच्या होम फोल्डरचंही हेच. ‘एलएस -एलएन’ने क्रमांक बघ आणि जुन्या ‘पासडब्ल्यूडी’ आणि ‘ग्रुप’ फायलींशी ताडून पाहा. मालकी सुधारलीस की ‘.एसएसएच’ फोल्डरला 700 आणि ‘ऑथराइज्ड_कीज’ला 600 परवानगी दे. हे करताना कन्सोलवरचं रूट लॉगिन उघडंच ठेव, दुसऱ्या खिडकीतून तपासत जा.

एफएसटॅबवरही नजर टाक. नवी डिस्क फॉरमॅट केली की यूयूआयडी बदलतो. ‘/होम’च्या ओळीत जुनाच राहिला आणि पुढे ‘नोफेल’ लिहिलेलं असलं, तर मशीन निमूट चालू होतं, होम फोल्डर मात्र रिकामा. तेव्हा पासवर्डने प्रवेश मिळतो, कीने नाही. ‘बीएलकेआयडी’ चालव, खरा क्रमांक मिळेल.

तुझे सर दर दहा मिनिटांनी ‘कधी होणार?’ विचारत असतील. ‘डेटा शाबूत आहे, आत जायची वाट अडलीय’ एवढंच सांग, वेळ कबूल करू नकोस. त्या धांदलीत जुनी डिस्क दुसऱ्या कुणाच्या पीसीत बसवायला कुणी मागितली, तर सरळ नाही म्हण. सगळ्यांची लॉगिनं होऊन नव्या डिस्कचा एक पूर्ण बॅकअप निघेपर्यंत जुनी डिस्क तुझ्याच ड्रॉवरमध्ये, कुलपात. आणि तो बॅकअप घेताना टारला ‘--सेलिनक्स --एसीएल्स --एक्सएटीटीआर्स’ आणि उतरवताना त्यांच्यासोबत ‘--न्यूमेरिक-ओनर’ द्यायला विसरू नकोस.