वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी

शाळा म्हटली की चार भिंती, फळा आणि तास सुरू होताच बंद होणारे दार एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ते दारच ज्यांना खटकले, त्या वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

लाकडी सामानाचा व्यवसाय असलेल्या गुजराती कुटुंबात, पुणे येथे २६ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. मधील शिक्षण अर्धवट सोडून ते विलायतेस गेले आणि १९५१ साली पॅरिसमध्ये विख्यात वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली राबू लागले. फ्रेंच भाषेचा गंध नाही, आरंभीचे आठ महिने वेतनही नाही! पुढे गुरूंच्या इमारतींवर देखरेख करण्यासाठी ते स्वदेशी आले आणि अहमदाबादचेच झाले.

तेथे १९६२ साली त्यांनी वास्तुकलेची शाळा स्थापन केली. तिची इमारत उघड्या विटांची व काँक्रीटची. उत्तरेकडून येणारा शांत प्रकाश, खाली सावलीची मोकळी जागा, आणि दारे शक्य तितकी कमी. एका वर्गातील चर्चा दुसऱ्याच्या कानी पडावी, हाच हेतू. (परीक्षेच्या दिवसांत हे कसे निभावत असेल, अशी शिक्षकी शंका आम्हांस येतेच!)

आपल्या कर्नाटकातही त्यांची कृती आहे. बंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेत ग्रॅनाइटच्या खडबडीत भिंतींमधून उंच, लांब पडव्या गेल्या आहेत. मधूनच आकाश उघडे. त्या पडव्या केवळ जाण्यायेण्यासाठी नव्हेत, थांबून बोलण्यासाठी आहेत. आमच्या कोंकणी घरांत खऱ्या गोष्टी ओसरीवरच निघतात; म्हणून हे आम्हांस चटकन पटले.

२०१८ साली प्रित्झकर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय. २४ जानेवारी २०२३ रोजी ते निवर्तले. परंतु मानसन्मानांची यादी लांबविण्यापेक्षा इंदूरच्या अरण्य वसाहतीविषयी सांगणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते. सुमारे ६०,००० लोकवस्तीसाठी ती आखलेली. तेथे अतिगरीब कुटुंबांना पुरे घर दिले नाही. जोते, न्हाणी-शौचकूप, पाण्याची व विजेची सोय एवढेच दिले. बाकीचे ज्याने त्याने मिळकतीप्रमाणे चढवावे. स्वतःचा नकाशा असा अपुरा ठेवून परक्या हाती सोपविणे कोणत्याही कलावंतास जड जाते. दोशींनी तो सोपविला. मग कोणी बाहेरून जिना काढला, कोणी गच्ची केली, कोणी पुढच्या खोलीत दुकान थाटले.