विहिरीचे पाणी व विजेचा हिशेब

पाणी, वीज व धान्य यांची खाती आपण निरनिराळी मांडितो. वस्तुतः ते एकच खाते होय. मोटेच्या काळी ही गोष्ट उघड दिसे. पाणी बैल ओढीत आणि त्यांचा कडबा त्याच शेतात पिकवावा लागे. पाणी खोल गेले की बैल लवकर थकत. म्हणून शेतकरी पाणी जपून देई.

पंप थकत नाही. तथापि श्रम कमी झालेले नाहीत, ते दिसेनासे मात्र झाले आहेत. एका एकरात एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर. ते ५० फूट वर चढविण्यास निव्वळ सव्वाचार युनिट वीज लागते. पंपात व नळात अर्धी शक्ती वाया गेल्यास साडेआठ. पाणी १०० फुटांवर गेले की तेच १७ युनिट होतात.

ही वीज तरी येते कोठून? काही अंशी पाण्यापासूनच. कोयनेचे पाणी सन १९६२ पासून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन त्यावर वीज करितात. ते पाणी पुढे वाशिष्ठीस मिळते. कृष्णाकाठास परतत नाही.

सन २०२४ मध्ये आपल्या राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ झाले. परंतु बिल माफ झाले तरी विहिरीचे देणे माफ होत नाही. यास्तव आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे की, दरमहा दोरी सोडून विहिरीतील पाण्याची खोली मोजावी व वहीत टिपावी. आणि ती वर्षागणिक वाढत असल्यास उसाचे क्षेत्र त्या मानाने बेतावे.