पोलादाचे वजन : गणित आणि व्यवहार

रामेश्वरमहून चेन्नईजवळच्या तांबरमला जाणारी नवी रेल्वेगाडी ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी नव्या पांबन पुलाचे उद्घाटन झाले. सुमारे २.०८ किलोमीटर लांबीच्या या पुलाचा ७२.५ मीटरचा एक गाळा जहाजांना वाट देण्यासाठी १७ मीटर वर उचलला जातो. त्याचे वजन सुमारे ६६० टन, म्हणजे दर मीटरला सरासरी ९.१ टन आहे.

अशा उचल-पुलात दोन्ही मनोऱ्यांवरून सोडलेले प्रतिभार गाळ्याचा तोल सांभाळतात. तोल अचूक असेल तर यंत्रांना मुख्यतः घर्षण व वाऱ्याचा जोर यांवरच मात करावी लागते. मात्र वजनाच्या अंदाजात केवळ दोन टक्के चूक झाली, तरी ६६० टनांमागे १३.२ टनांचा फरक पडतो आणि प्रत्येक उचलीत तो भार यंत्रांवर येतो. आराखड्याच्या टप्प्यावर गाळा तराजूत घालता येत नाही. तेथे गणितच कामी येते.

या गणिताचा पाया म्हणजे पोलादाची घनता : दर घनमीटरला ७८५० किलोग्रॅम. यावरून एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या व एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन ७.८५ किलोग्रॅम येते. जोडतुळईसाठी छेदाचे क्षेत्रफळ काढावे. समजा, वरची व खालची पट्टी प्रत्येकी ३०० × २० मिलिमीटर आणि मधला उभा पत्रा ५६० × १२ मिलिमीटर आहे. एकूण क्षेत्रफळ १२,००० + ६,७२० = १८,७२० चौरस मिलिमीटर, म्हणजेच १८७.२ चौरस सेंटिमीटर. त्याला ०.७८५ ने गुणल्यास दर मीटरला सुमारे १४७ किलोग्रॅम वजन मिळते. वेल्डिंग व जोडपत्र्यांचे वजन यात वेगळे मिळवावे लागते. परीक्षेत बहुतेक चुका एककांच्या रूपांतरात होतात, सूत्रात नव्हे.

सळईसाठी बांधकामावर रूढ असलेले सूत्र याच घनतेतून आले आहे : मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग भागिले १६२. (नेमका भाजक १६२.२ येतो, व्यवहारात तो फरक नगण्य.) १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलोग्रॅम, तर १२ मीटर लांबीची सुमारे १८.९६ किलोग्रॅम भरते.

भारतीय मानक १७८६ नुसार या व्यासाच्या सळईच्या वजनात अधिक-उणे पाच टक्के तफावत ग्राह्य आहे. खरेदी वजनावर होते, पण आराखड्यात सळया नगांनी मोजल्या जातात. दहा टनांत १६ मिलिमीटरच्या अशा सुमारे ५२७ सळया बसतात. माल पाच टक्के जड निघाला तर ५०२च हाती येतात. हलका निघाल्यास नग वाढतात, परंतु प्रत्येक सळईत पोलाद कमी असते. म्हणून माल उतरवताना वजनकाट्याच्या पावतीबरोबरच सळयांची संख्याही मोजून घेतली जाते.