ताब्याचा अर्ज लिहिण्याआधी

बाळा, तू पाठवलेला मसुदा दोनदा वाचला. राग किती साचलाय ते ओळीओळीतून कळतं, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे हेही मला माहीत आहे. पण पहिली तीन पानं सूनबाईवर खर्च झाली आहेत. लेक चौथ्या पानावर येते, तीही ‘अल्पवयीन अपत्य’ म्हणून. नोकरीभर कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून असे ढीगभर कागद वाचले, म्हणून हक्काने सांगते: हा मसुदा बाजूला ठेव आणि लेकीपासून सुरुवात कर.

न्यायाधीशांपुढे प्रश्न एकच असतो, मुलीचं हित कशात आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सगळ्याच्या वर ठेवतं. रोझी जेकब खटल्यात, 1973 साली, सर्वोच्च न्यायालयाने मुलं ही आईबापांच्या मालकीची वस्तू नव्हेत असं बजावलं. ‘बाप म्हणून माझा हक्क’ तू जिथे जिथे लिहिलंस, तिथे तिथे खोड. त्याजागी तिचा दिवस लिही. सकाळी तिला कोण उठवतं, बालवाडीची व्हॅन किती वाजता येते, धुळीने खोकला सुरू झाला की कुठलं औषध द्यायचं, झोपताना कुणाचा हात धरते. यातलं तू आजवर काय केलंस आणि पुढे काय करू शकतोस ते सांग. शिफ्टमुळे बुधवारी-गुरुवारी तुला जमणार नाही, तेही लिही. जे जमत नाही ते आपणहून सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

ती अजून पाच वर्षांची नाही. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे या वयाचं मूल एरवी आईजवळ असतं. त्याला अपवाद होतात, पण त्यासाठी मुलाचं हित आईजवळ नाही याला भक्कम आधार लागतो. तुझ्याकडे तसं काही नाही. सूनबाई तिला नीट सांभाळते, हे तूच मला फोनवर सांगितलंस. मग पूर्ण ताबा मागून लेकीची ओढाताण कशाला? वेळ माग आणि मोकळ्या मनाने भरपूर माग. घटस्फोटाचा दावा चालू आहे, त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अंतरिम अर्ज करता येतो.

फक्त ‘भेटीची परवानगी मिळावी’ असं मोघम लिहू नकोस. तशा आदेशावर पुढे दर शनिवारी भांडणं होतात. वार, वेळ, जागा लिही: एक आड एक शनिवारी सकाळी 11 वाजता चिंचवडहून नेईन, रविवारी संध्याकाळी 6 वाजता तिथेच आणून सोडेन. आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल, तिच्या झोपेच्या वेळेआधी. गणपतीत आपल्या घरी दोन दिवस, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, वाढदिवसाला काही तास. ती आजारी पडली तर बदली दिवस कोणता, तेही ठरवून माग. तिला एकदम रात्री राहायला सोडणं सूनबाईला जड जाईल असं वाटलं, तर पहिले दोन महिने फक्त दिवसाची भेट आणि मग मुक्काम, असं तूच सुचव. मला विचारशील तर अख्ख्या अर्जात हीच ओळ सगळ्यात जास्त काम करील.

आता भाषेचं. ‘ती मला मुलीला कधीच भेटू देत नाही’ हे तुझं वाक्य घे. मे महिन्यात तू भेटलास, त्याचे फोटो आहेत. जाबदेणारांचे वकील एक फोटो दाखवतील आणि तुझा सगळा अर्ज संशयात जाईल. त्याऐवजी लिही: ‘जूनमध्ये ठरलेल्या चार शनिवारांपैकी एकदाच भेट झाली. उरलेल्या तीन वेळचे मेसेज सोबत जोडले आहेत.’ खाली प्रतिज्ञापत्र आहे, शपथेवर सांगतोयस तू. मेसेज जोडताना मधले तुझ्या गैरसोयीचे गाळू नकोस, आणि मूळ फोन जपून ठेव. कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या बाबतीत बरंच मोकळं असतं, तरी जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र वकिलांकडून करून घे.

आणि सूनबाईला जे रोज लिहितोस, तेही उद्या न्यायालयात वाचलं जाणार आहे. एका मेसेजमध्ये एकच विषय. ती टोचून बोलली तरी उत्तर लेकीपुरतंच. रात्री उशिरा काही लिहावंसं वाटलं तर मला फोन कर, मी जागी असते.

तुझ्या मैत्रिणीला मात्र हा सबुरीचा सल्ला देऊ नकोस. तिच्या घरात मारहाण आहे. तिने सौम्य शब्द शोधायचे नाहीत. काय झालं, कुठल्या तारखेला, कुणासमोर, हे सरळ लिहायचं आणि दवाखान्याचे कागद लावायचे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेट मुलाला घातक ठरेल असं वाटलं तर न्यायालय ती नाकारू शकतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला वकीलही मोफत मिळेल, उत्पन्न कितीही असो.

लेकीकडून चिठ्ठी लिहून घेऊ नकोस, तिचा आवाज रेकॉर्ड करू नकोस. अशा कागदातून शिकवणी लगेच दिसते, आणि मूल ते ओझं वर्षानुवर्षं वाहतं. भेट मिळाली तर शाळेची फी भरेन, असा सौदाही कुठे येऊ देऊ नकोस. फी आजच भर आणि पावती जोड. उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या अर्जात द्यावंच लागतं, ते तुझ्याकडे मागतील तेव्हा एक खातंही लपवायचं नाही.

न्यायाधीशांना परस्पर पत्र किंवा ईमेल पाठवण्याचा विचार सोडून दे. जे सांगायचं ते अर्जातून, दुसऱ्या बाजूला प्रत देऊन. पानांना आकडे घाल, परिशिष्टांची यादी कर, पहिला तिचा जन्मदाखला लाव. प्रत दिल्याची सही घे, अर्जाला मिळालेला निशाणी क्रमांक टिपून ठेव आणि प्रत्येक तारखेनंतर रोजनामा बघ. नवा मसुदा चार पानांत बसव आणि वकिलांकडे देण्याआधी मला पाठव.