ई-रीडर घेणाऱ्या भाचीला

किंडल की कोबो, असं विचारलंस. उत्तर देतो, पण आधी तू एक कागद घे. पुढच्या वर्षभरात तुला खरोखर वाचायची आहेत अशा वीस-पंचवीस पुस्तकांची नावं लिही. मित्रमैत्रिणींवर छाप पडेल अशी नावं नकोत, उशाशी घेऊन झोपशील अशी लिही. मग प्रत्येक नावापुढे ते पुस्तक ई-रूपात कुठे मिळतं ते शोधून टीप: किंडलच्या दुकानात, बुकगंगावर, गूगल प्लेवर, मोफत ईपब म्हणून, फक्त स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, की कुठेच नाही. ज्या रकान्यात सगळ्यांत जास्त खुणा पडतील, तो रकाना तुझं मशीन ठरवेल. जन्मभर ग्रंथालयात काम केलेला माणूस म्हणून सांगतो, मशीनचे गुण पाहून घेतलेला ई-रीडर ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. यादी करून घेतलेला हातात राहतो.

याचं कारण समजून घे. बहुतेक दुकानं आपली पुस्तकं कुलूप लावून विकतात. किंडलवर घेतलेलं पुस्तक किंडलवर किंवा किंडलच्या ॲपमध्येच उघडतं. बुकगंगाचं ई-पुस्तक बुकगंगाच्या ॲपमध्ये उघडतं, आणि किंडलच्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं ॲप टाकता येत नाही. म्हणजे मशीन घेतलंस की दुकानही घेतलंस. मराठी वाचकाला ही गोष्ट जास्त जाचते, कारण इंग्रजी पुस्तक बहुधा सगळ्या दुकानांत असतं. मराठी पुस्तक एका ठिकाणी असतं आणि दुसऱ्या ठिकाणी नसतं. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकं किंडलवर आणली. त्यामुळे आज तिथे मराठीची बऱ्यापैकी बाजारपेठ आहे, पण तुझ्या आवडीचा प्रत्येक लेखक तिथे भेटेल असं धरून चालू नकोस. बघून घे.

तुझा दादा टोरंटोहून कोबो पाठवतो म्हणतोय. कोबो ही मूळची कॅनडाचीच कंपनी, आता जपानच्या राकुतेनची. मशीन उत्तम आहे. ईपब फाइल ते सरळ उघडतं, आणि तिकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांतली ई-पुस्तकं घरबसल्या कोबोवर घेता येतात. दादासाठी ते अगदी योग्य. तुला मात्र इथे बसून ती ग्रंथालयं मिळणार नाहीत, आणि कोबोच्या दुकानात तुझ्या यादीतली मराठी नावं शोधलीस तर रकाना बहुतेक रिकामाच राहील. शिवाय हमी ज्या देशात खरेदी केली तिथली असते असंच समजून चाल. स्क्रीन फुटली तर पार्सल पुन्हा कॅनडाला. दादाचं प्रेम मनात ठेव, पण हो म्हणायच्या आधी यादी बघ.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती परीक्षा. आमचे जुने ग्रंथपाल नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, पुस्तक खरेदी करताना मुखपृष्ठ आणि पहिलं पान सोड, मधलं पान उघडून वाच. छपाई कशी आहे ते तिथे कळतं. ई-रीडरलाही हेच लाव. किंडलचं ॲप फोनवर फुकट मिळतं, आणि बहुतेक पुस्तकांचा नमुना पैसे न देता उतरवता येतो. नमुना उघड आणि अक्षरं तपास. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कोवळ्या', 'ॲप', 'ऑगस्ट', 'तऱ्हा' असे शब्द शोध. 'ऱ्या'मधला तो अर्धा र मराठीचा खास आहे. देवनागरी कशी मांडायची हे नीट न शिकवलेल्या मशीनवर तो तुटतो किंवा रफार होऊन भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८मध्ये आलं, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. 'विद्वत्ता', 'उद्ध्वस्त', 'ज्योत्स्ना' यांची जोडाक्षरं पाय मोडून वेगळी पडलेली नाहीत ना, ते बघ. मग अक्षर दोन-तीन पायऱ्या मोठं कर आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो का, ते पाहा. भिडत असेल तर ओळींमधलं अंतर वाढवता येतं का?

ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे डोळे मराठी वळणावर पोसलेले, म्हणून हिंदी वळणाच्या फाँटमध्ये लांबलचक कादंबरी वाचताना काहीतरी सलत राहतं. किंडलवर आणि कोबोवर स्वतःचा फाँट टाकता येतो. 'टिरो देवनागरी मराठी' हा मोफत मिळणारा फाँट खास मराठी वळणाचा आहे; तो टाकून बघ. पण लक्षात ठेव, फोनवरचं ॲप आणि प्रत्यक्ष मशीन दोन्हीकडे अक्षर सारखंच उमटेल असं नाही. फोनवर पास झालेलं पुस्तक कुणाच्या तरी मशीनवरही एकदा उघडून बघ. मैत्रिणींपैकी कुणाकडे तरी असेलच. दहा मिनिटं मागून घे.

यादीत जर 'फक्त पीडीएफ' या खुणा जास्त असतील, तर पुढचं नीट ऐक. जुनी मराठी पुस्तकं, संशोधनपर ग्रंथ, नियतकालिकांचे जुने अंक, हे सगळं बहुतांशी स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात मिळतं. ते पान म्हणजे फोटो. अक्षर मोठं केलं तर ओळी नव्याने जुळत नाहीत, सगळं पानच मोठं होतं आणि मग बोटाने ते डावीकडे-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. सहा इंची स्क्रीनवर हे करून कुणीही पुस्तक पूर्ण करत नाही. ज्या पीडीएफमध्ये मजकूर आहे, पण तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला आहे, ती रूपांतरित करायला गेलीस तर पानभर निरर्थक रोमन अक्षरं हाती येतील. तेव्हा स्कॅन वाचायचे असतील तर दहा इंचांच्या आसपासचं मशीन घे, नाहीतर सरळ टॅब्लेट वापर. आणि समासाची पांढरी जागा कापायची सोय आहे का, हे विचारायला विसरू नकोस. तेवढ्यानेही अक्षर बरंच मोठं दिसतं.

तिसरा पर्याय तुझ्या मैत्रिणीने सुचवला तो, अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडर. ऑनिक्स या चिनी कंपनीची 'बूक्स' ही त्यातली नावाजलेली. त्यावर किंडलचं, बुकगंगाचं, गूगलचं, सगळी ॲप टाकता येतात. यादीतल्या खुणा चार रकान्यांत विखुरल्या असतील तर हाच मार्ग. मात्र ती ॲप फोनसाठी बनवलेली असतात, त्यामुळे स्क्रीनवर मागच्या पानाची पुसट छाया राहते, बॅटरी लवकर उतरते, आणि किंमतही चढी असते. शिवाय जिथे ॲप, तिथे संदेशही. वाचताना कुणी खांद्यावर टकटक करू नये म्हणून तर तू फोन सोडून ई-रीडर घेतेयस ना?

टॅब्लेट का नको, हे आईने विचारलं होतं, तिला असं सांग. ई-इंकच्या स्क्रीनमध्ये अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे, विरुद्ध विद्युतभाराचे कण. वीज देऊन हवे ते कण वर आणले की पान उमटतं आणि मग वीज न देताही तसंच राहतं. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. (कंपनी जे आठवडे सांगते ते दिवसाला अर्धा तास वाचन धरून, तू तीन तास वाचशील, तेव्हा त्या हिशेबाने भागून घे.) उन्हात गच्चीवरही अक्षर स्वच्छ दिसतं. रात्रीचा दिवा कडेला असतो आणि त्याचा उजेड पानावर पडतो, टॅब्लेटसारखा आतून डोळ्यांवर येत नाही.

आणि हा ई-रीडर आईलाही वापरायचा आहे, म्हणून दोन गोष्टींवर तडजोड करू नकोस. एक, इंचाला ३०० ठिपक्यांची स्क्रीन. देवनागरीत रेघांची गर्दी असते. कमी ठिपक्यांवर 'ध' आणि 'घ' यांत डोळे अडखळतात. साध्या किंडलला २०२२पर्यंत १६७च ठिपके होते, म्हणून कुणी स्वस्तात जुनं देत असेल तर साल विचारून घे. दुसरी गोष्ट, पिवळसर करता येणारा उजेड. साध्या किंडलमध्ये तो नाही, किंडलच्याच पेपरव्हाइटमध्ये आहे. साधं किंडल १५८ ग्रॅमचं, सात इंची पेपरव्हाइट २११ ग्रॅमचं. आईचं मनगट दुखतं हे मला ठाऊक आहे, तरी मोठ्या अक्षरात ओळीला चार-पाच शब्द तरी मावायला हवेत, म्हणून तिच्यासाठी सात इंचच बरे. उशीला टेकवून वाचेल.

बाकीच्या गोष्टींवर फार डोकं खपवू नकोस. १६ जीबी जागा जन्मभराच्या कादंबऱ्यांना पुरते. रंगीत स्क्रीन आज तरी नको. त्यात रंगाचे ठिपके १५०च असतात आणि पानाचा पांढरेपणा मळतो. यूएसबी-सी चार्जिंग आहे ना ते बघ, आणि कव्हर पहिल्याच दिवशी घे.

खातं कुणाच्या नावावर उघडतेस, याला मात्र मी मशीनइतकंच महत्त्व देतो. भारतातल्या दुकानाशी जोडलेलं, तुझ्या स्वतःच्या ईमेलवरचं खातं हवं. दादाच्या खात्यावर नोंदवलंस तर किमती डॉलरमध्ये, आणि पुस्तकं त्याच्या नावावर जमत राहतील. ऑफिसच्या ईमेलवर तर अजिबात नको. नोकरी बदलली की ग्रंथसंग्रहाला मुकशील.

हे सांगतो कारण ई-पुस्तक विकत घेताना तुला मिळतो तो वाचण्याचा परवाना. सोनीने २००४मध्ये जपानमध्ये ई-इंकचा पहिला रीडर बाजारात आणला, आणि दहा वर्षांनी उत्तर अमेरिकेतलं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद करून वाचकांना कोबोकडे पाठवलं. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२मध्ये ई-पुस्तकं विकायला घेतली आणि काही वर्षांतच आवरतं घेतलं. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये दुकान बंद केलं तेव्हा लोकांची विकत घेतलेली पुस्तकं गेली. पैसे परत मिळाले, टिपणं गेली. ॲमेझॉनने २००९मध्ये ऑरवेलची पुस्तकं हक्काच्या वादावरून वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती आणि नंतर माफी मागितली. फेब्रुवारी २०२५पासून तर किंडलचं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने मशीनवर टाकायची सोयही त्यांनी काढून घेतली. म्हणून माझा नियम असा: एकदा वाचायचं ते ई-रूपात घे, पुन्हा पुन्हा वाचायचं ते छापील घे. टिपणं मशीनवर ठेवलीस तरी अधूनमधून वहीत किंवा वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेव.

मोफत आणि पूर्ण कायदेशीर मराठी वाचनही भरपूर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं संपली की पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, म्हणजे १ जानेवारी २०११पासून त्यांचं लेखन मुक्त आहे. हरिभाऊ आपटे, गडकरी, टिळक तर कधीचेच मुक्त. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपब म्हणून उतरवता येतात, आणि ई साहित्य प्रतिष्ठान अनेक पुस्तकं लेखकांच्या संमतीने विनामूल्य देतं. संगणकावर 'कॅलिबर' टाकून घे. कोविद गोयल यांनी २००६मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर कुलूप नसलेली पुस्तकं एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलतं आणि नीट लावूनही ठेवतं. किंडलकडे ईपब फाइल ईमेलनेही पाठवता येते.

तुझं वाचन मी ओळखतो त्यावरून सांगतो: निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी ललित, आणि आई सोबत. तू पेपरव्हाइट घे. यादीत बुकगंगाच्या खुणा निम्म्याहून जास्त निघाल्या तरच अँड्रॉइडवाला ई-इंक रीडर. तुझ्या पीएचडीला लागणारे स्कॅन ई-रीडरवर वाचायचा हट्ट धरू नकोस, त्यासाठी घरातला जुना टॅब्लेट आहे.

आणि एक मागणं. आज बाजारात असलेल्या मराठी पुस्तकाची पीडीएफ कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर उतरवू नकोस, पुढेही पाठवू नकोस. मराठी ई-पुस्तक छापील प्रतीपेक्षा सहसा स्वस्त असतं. ते विकत घे, कारण खप दिसला तरच प्रकाशक पुढचं पुस्तक ई-रूपात आणतो.