लाकडी गाडीचे दुसरे घर

जत्रेतला पाळणा तुम्ही पाहिला असेल. वर जाताना मजा वाटते. खाली येताना पोटात गोळा येतो. अमेरिकेत अशाच गमतीचा, पण याहून मोठा एक खेळ असतो. त्याला रोलर कोस्टर म्हणतात.

लाकडाच्या उंच सांगाड्यावर रूळ बसवलेले असतात. रूळ कुठे चढतात, कुठे उतरतात. त्यांवरून छोट्या डब्यांची गाडी धावते. गंमत अशी, की या गाडीला इंजिन नसते. पहिल्या चढावर साखळी तिला ओढून नेते. माथ्यावर पोचली की साखळी सुटते. मग गाडी आपल्याच वजनाने खाली धावते. घाट उतरताना भरलेली बैलगाडी कशी पळू लागते, तसेच हे. त्या वेगाच्या जोरावर ती पुढचा चढ चढते.

टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचे शहर आहे. तिथल्या एका खेळबागेत १९४७-४८ च्या सुमारास अशी गाडी उभी राहिली. हर्बर्ट श्मेक यांनी तिची आखणी केली होती. तिची उंची ७८ फूट, म्हणजे मोठ्या माडाएवढी. नाव ठेवले 'रॉकेट'. लोक हौसेने बसत.

पण १९८० साली ती बाग बंद पडली. गाडी थांबली. सांगाडा उन्हापावसात तसाच उभा राहिला. आणखी काही वर्षे गेली असती, तर सगळे लाकूड कुजून गेले असते.

तेव्हा दूरच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कनोबल्स या खेळबागेच्या मालकांनी ती विकत घेतली. अंतर सुमारे दीड हजार मैल! एवढा सांगाडा न्यायचा कसा? उकलून न्यावा, तर पुन्हा जोडायचा कसा? मूळ आराखडा तर हाती नव्हता.

आता नीट लक्ष द्या. चार्ल्स डिन नावाच्या जाणत्या माणसाने हे काम अंगावर घेतले. लाकडे उकलताना प्रत्येकावर क्रमांक घातला. कोणते लाकूड कोणत्या जागेचे, याची नोंद ठेवली. हजारो लाकडे, पण एकही बेवारशी राहिले नाही. आपल्याकडे जुने घर उकलताना सुतार तुळयांवर खुणा घालतो ना? तीच ही रीत.

नव्या जागी क्रमांक वाचत वाचत सांगाडा पुन्हा उभा केला. जून १९८५ मध्ये गाडी धावू लागली. तिचे नवे नाव 'फीनिक्स'. ग्रीक लोकांच्या कथेत या नावाचा एक पक्षी आहे. तो जळून राख होतो आणि राखेतून पुन्हा जन्म घेतो. २०१८ साली 'अ‍ॅम्युझमेंट टुडे' या अमेरिकन पत्राने लाकडी रोलर कोस्टरांत तिला पहिला क्रमांक दिला.

पाहा, हातोडी आणि करवत तर हवीच. पण क्रमांक लिहिणारा व वाचणारा नसता, तर त्या लाकडांचे सरपण झाले असते. नीट लिहून ठेवलेले काम मोडले तरी पुन्हा जोडता येते. शेताची मापे, देण्याघेण्याचा हिशेब, घराच्या तुळया, सगळ्यांना हाच नियम.

नवा शब्द
आराखडा – बांधायच्या वस्तूचे कागदावर काढलेले चित्र व मापे.

प्रश्न
१. इंजिन नसताना गाडी कशी धावते?
२. लाकडांवर क्रमांक का घातले?
३. तुमच्या घरातली कोणती गोष्ट लिहून ठेवायला हवी? ती आज लिहा.