चिंधी कॉटखाली टाकू नका!

दिवाळीच्या सुटीत साकोलीला घरी गेलो, तेव्हा आजोबांच्या सागवानी टेबलाला चमक आणायचे ठरवले. घरात होते ते खोबरेल चोळले. महिना झाला तरी टेबल चिकटच, वर धुळीचा थर! शेजारचे सुतारकाका हसून म्हणाले, "बाबू, खोबरेल वाळते का कधी? लाकडाले जवसाचं तेल लागते."

मित्रांनो, यामागे आपलीच केमिस्ट्री आहे. जवसाचे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात व घट्ट थर बनतो. त्यासाठी दुहेरी बंध हवेत. जवसाचे आयोडीन मूल्य १७० च्या वर, खोबरेलाचे जेमतेम १०!

मग टर्पेंटाइनने खोबरेल पुसून काढले. रेषांच्या दिशेने काचपेपर मारला. तेलाचा पातळ हात दिला व वीस मिनिटांनी उरलेले पुसले. घाणीच्या तेलाला वाळायला आठवडाही लागतो. असे तीन हात. शेवटी मधमाशांचे मेण चोळले. टेबल झकास!

पण सावधान! हे तेल वाळताना उष्णता सोडते. गोळा करून टाकलेली चिंधी आतून तापून आपोआप पेटते. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील ३८ मजली 'वन मेरिडियन प्लाझा' अशाच चिंध्यांनी पेटली. त्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले.

म्हणून चिंधी पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा. होस्टेलच्या खोलीत तर हे विसरूच नका.